अखंड अंक

मूळ अमेरिकन चित्र आमच्या अमरावतीत वा शेजारच्या अकोल्यात पाहावयास मिळणे दुरापास्तच. ती कला आमच्यापर्यंत आली ती छापील कागदावरून, आणि तीही बहुधा रद्दीच्या दुकानातून. अमेरिकन माहिती सेवेने १९६० साली दिल्लीहून सुरू केलेले 'स्पॅन' आणि न्यूयॉर्कचे 'लाइफ' यांचे जुने अंक आम्ही या दोन शहरांतून वर्षानुवर्षे गोळा करीत आलो आहोत. वजनावर मिळणाऱ्या या कागदांचे मोल ते काय, असे आम्हांस नेहमी विचारले जाते.

अकोल्याचे आमचे एक स्नेही चित्रकलेचे शिक्षक आहेत. चित्रांची पाने कापून चौकटीत बसवावीत व शाळेच्या भिंतीवर लावावीत, असा त्यांचा आग्रह. ''पेटीत पडलेले चित्र कोणाच्या उपयोगाचे?'' हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. तरीही अंकाला कात्री लावण्यास आमचे मन धजत नाही; आणि त्यामागे केवळ संग्राहकाचा कृपणपणा नाही.

८ ऑगस्ट १९४९ चा 'लाइफ'चा अंक घ्या. जॅक्सन पोलॉक तेव्हा अवघा ३७ वर्षांचा होता. अमेरिकेतील हयात चित्रकारांत हाच सर्वश्रेष्ठ काय, असा प्रश्न त्या लेखाच्या मथळ्यातच विचारलेला होता. आज कलेतिहासाच्या ग्रंथांत पोलॉकचे स्थान निश्चित झाले आहे; तेथे ते प्रश्नचिन्ह उरलेले नाही. नवी कला समोर येताच एक समाज कसा बुचकळ्यात पडला, हे त्या अंकातच दिसते. पान कापले की चित्र हाती राहते, तो संभ्रम मात्र निसटतो. शिवाय सुटे चित्र फसवते. छायाचित्रात पोलॉक हाताची घडी घालून ज्या चित्रापुढे उभा आहे, ते 'समरटाइम' सुमारे साडेपाच मीटर लांब आहे. पुढे माणूस उभा आहे म्हणून त्याचा विस्तार उमगतो. एरवी ती एक रंगीत पट्टीच.

या कागदांचा आमच्या विदर्भाशीही धागा जुळतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते १९६४ साली न्यूयॉर्कला गेले. पुढे १९६७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'अमेरिकन चित्रकलेची दोन दशके' हे प्रदर्शन दिल्लीत आणले. त्यात पोलॉकही होता. २०१४ मध्ये गायतोंडे यांची चित्रे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झळकली. अशी ये-जा थोड्यांच्याच वाट्याची. उरलेल्यांना अंकांचाच आधार.

त्यांची राखण मात्र सोपी नाही. वऱ्हाडचा उन्हाळा कागद ठिसूळ करतो. पावसाळ्यात गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात, टाचण्यांना गंज चढतो, कसर लागते. आमच्या पश्चात हे सारे पुन्हा तराजूत जाईल, ही भीती आहेच.

म्हणून स्नेह्यांशी आम्ही एक तडजोड केली आहे. ज्या अंकाची दुसरी प्रत असेल, ती त्यांनी खुशाल कापावी. एकुलता अंक अखंड राहील, परंतु पेटीत बंद राहणार नाही. बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही अधूनमधून चार अंक अकोल्यास नेतो व मुलांपुढे ठेवतो. मुले चित्रांआधी जाहिरातींतील मोटारी पाहतात. पाहोत बापडी! त्या मोटारींच्या जगातच ती चित्रे रंगविली गेली, हे समजावयास याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाही.