न्यायासन सोडताना

क्षमा करणे अवघड, हे सगळेच मान्य करतात. क्षमा घेणे त्याहून अवघड असते, याकडे मात्र कमी लक्ष जाते. ख्रिस्ती श्रद्धेत ही अडचण विशेष जाणवते, कारण तिथे क्षमा कमवायची नसते, ती आधीच देऊ केलेली असते. रविवारच्या उपासनेत पापांची कबुली दिली जाते, पापक्षमेचे वचन ऐकवले जाते, आणि तरीही कित्येक भाविक आणलेले ओझे तसेच घेऊन घरी परततात. देवाने क्षमा केली असेल, पण मीच स्वतःला क्षमा करू शकत नाही, असे ते म्हणतात. ऐकायला हे नम्र वाटते. मला मात्र त्यात एक न ओळखलेला अहंकार दिसतो. देवाचा निकाल खालच्या कोर्टाचा, आणि अपील ऐकणारे वरचे कोर्ट मी स्वतः, असा त्या म्हणण्याचा अर्थ होतो.

नव्या करारातली दोन माणसे शेजारी ठेवून पाहावीत. यहूदाने येशूला चांदीच्या तीस नाण्यांसाठी धरून दिले. पेत्राने त्याच रात्री आपण त्याला ओळखतही नसल्याचे तीनदा सांगितले. दुःख दोघांनाही झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर यहूदा एक पाऊल पुढेच आहे: तो नाणी परत करतो आणि निर्दोष माणसाचा घात केल्याचे याजकांच्या तोंडावर कबूल करतो. पेत्र बाहेर जाऊन नुसता रडतो. पश्चात्तापाची तीव्रता हाच निकष असता, तर यहूदा सरस ठरला असता. पण यहूदाने स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवली आणि स्वतःच अमलात आणली. पेत्र लाज घेऊन का होईना, शिष्यांमध्ये टिकून राहिला. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, तिबिर्या सरोवराच्या काठी, तीन नकारांसमोर तीन प्रश्न उभे राहिले तेव्हा उत्तर द्यायला तो तिथे होता. येशू त्याच्याकडे खुलासा मागत नाही. प्रेम आहे का, एवढे विचारतो आणि मेंढरे त्याच्यावर सोपवतो. पेत्राला क्षमा मिळाली ती कामाच्या रूपाने.

अपराधभाव आणि पश्चात्ताप यांतला फरक इथे सापडतो. पश्चात्तापाची नजर ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे असते; चिकटून बसलेला अपराधभाव पुन्हा पुन्हा स्वतःकडेच पाहतो. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने हे स्वतः भोगले. लढवय्याचे आयुष्य सोडून 1522 साली तो मोंत्सेरात येथे आला आणि तिथे त्याने तीन दिवस लेखी पापनिवेदन केले. पुढे मान्रेसा गावी मात्र काहीतरी सांगायचे राहिले या शंकेने त्याला पछाडले. जुनी पापे तो पुन्हा पुन्हा उकरू लागला, आणि जीव देण्याचे विचारही मनात आले. अखेर त्याने ठरवले की मागची पापे आता पुन्हा निवेदन करायची नाहीत. पापाविषयी निष्काळजी झाल्यामुळे हा निर्णय आला नव्हता. ही खोदाखोद देवाकडे नेत नाही, हे त्याला उमगले होते. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्याने अशा अतिसूक्ष्म शंकांविषयी स्वतंत्र सूचनाच लिहून ठेवल्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की इतक्या सहज मिळणारी क्षमा माणसाला निर्ढावेल. डीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 साली ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली ती याच भीतीने. आणि इतिहासही आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन 1748 सालच्या वादळात देवाकडे वळला, आणि त्यानंतरही 1754 पर्यंत गुलामांच्या व्यापारात राहिला, जहाजांचा कप्तान झाला. गीत 1779 मध्ये छापले गेले. त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती 1788 मध्ये. हा विलंब सौम्य शब्दांनी झाकता येणार नाही. पण कारण नीट पाहावे. त्या काळात न्यूटन स्वतःची पापे म्हणून शिवीगाळ, नास्तिकपणा, स्वैराचार मोजत होता. गुलामगिरी त्या यादीतच नव्हती. त्याची चूक क्षमा स्वीकारण्यात नव्हती. ज्यांना त्याने साखळ्यांत बांधून नेले, त्यांच्याकडे त्याने पाहिलेच नव्हते. पाहिले तेव्हा, लंडनमधला प्रतिष्ठित धर्मगुरू असूनही, त्याने स्वतःविरुद्ध लिहिले आणि संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली. निष्कलंक म्हणवून घेण्यावर ज्याचे जगणे अवलंबून असते, त्याला असे बोलणे परवडत नाही. आपण क्षमा मिळालेले पापी आहोत हे ज्याने कधीच मान्य केले आहे, तो बोलू शकतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाला अधिक जवळचा आहे: करावे तसे भरावे, मग मधल्या मधे क्षमा कशी? शिवाय अपराध माणसाचा केला असेल, तर देव परस्पर कसा माफ करतो? ख्रिस्ती शिकवण परिणाम पुसत नाही. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत नोंदलेला राहिला. न्यूटनच्या जहाजांवर मेलेले परत आले नाहीत. भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करावा, असे येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. येशू आपल्या घरी आला या आनंदात जक्कय जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवून घेतलेले चौपट परत करायला निघतो. इथला क्रम महत्त्वाचा आहे. स्वागत आधी झाले आणि भरपाई मागून आली. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे, तिचे फळ आहे. पण फळच धरले नाही, तर मुळाविषयी शंका घ्यायला जागा उरते.

राहतो तो भावनेचा प्रश्न. क्षमा स्वीकारल्यावरही रात्री मन टोचतेच. योहानाच्या पहिल्या पत्राने ही अवस्था गृहीत धरली आहे: आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले, तरी देव त्या मनाहून मोठा आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे टोचणी थांबणे ही क्षमेची अट नाही. टोचणीला निकाल समजायचे नाही, एवढेच करायचे असते. ती कुणाचे देणे राहिल्याची आठवण देत असेल तर ते फेडायला जावे, आणि नुसतीच शिक्षा मागत असेल तर तिचे ऐकू नये. शिक्षा ठरवणे हे आपले काम नव्हतेच. ज्याचे आपण बिघडवले, त्याच्या दाराशी जाणे हे मात्र आपलेच काम आहे.