जमा, नावे, शिल्लक

संगीताच्या खात्यात माझ्या नावावर आजवर काही जमा नाही. चौथीत असताना पंधरा ऑगस्टच्या समूहगीतात मी उभा होतो. तालमीच्या वेळी गाण्याच्या बाई कान देत देत रांगेतून फिरल्या, नेमक्या माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं."

बाईंचा सल्ला मी इतका मनावर घेतला की, गेली पस्तीसेक वर्षं मी नुसते ओठच हलवतो आहे. आरतीला ओठ, राष्ट्रगीताला ओठ, बँकेत साहेबांच्या वाढदिवसालाही ओठच.

अशा माणसाच्या घरात गिटार आली. चिरंजीव बारावीत. कुठल्याशा मित्राकडून जुनी गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा एक डबा त्यांनी साडेतीन हजारांत पैदा केला. भाईंदर पश्चिमेची आमची इमारत अशी की, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो आणि आमचा वरणभात शेजारी उतरवतात. त्यात ही गिटार! रोज संध्याकाळी तेच एक गाणं.

"अरे, हे गाणं संपणार कधी?"

"संपलं बाबा. हे पुन्हा सुरू केलंय."

चौकशीअंती कळलं की, गाणं १९७६ सालचं, अमेरिकेतल्या 'रामोन्स' नावाच्या चौकडीचं. नाव 'ब्लिट्झक्रीग बॉप'. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही चार पोरं. एकमेकांची कुणी नव्हेत, पण चौघांनी आडनाव एकच घेतलं, रामोन! आमच्या बँकेत ही मंडळी संयुक्त खातं उघडायला आली असती, तर नुसत्या केवायसीत चातुर्मास गेला असता.

"किती सूर लागतात रे याला?" मी विचारलं.

"तीन कॉर्ड्स. ए, डी आणि ई. मध्ये एकदा चौथी डोकावते."

"तीन? अरे, मग यात संगीत कुठंय? हा नुसता आरडाओरडा झाला. त्यापेक्षा गप्प बस आणि अभ्यास कर."

मुलगा काही बोलला नाही. गिटार गवसणीत घातली आणि कपाटावर ठेवून दिली. आठ दिवस घर शांत होतं. शेजारच्या शिट्ट्या पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. पण रात्री पाठ टेकली की मला चौथीतल्या बाई दिसायच्या. चष्मा मात्र त्यांनी माझा घातलेला असायचा.

मनाला लागलं की कारकून कागद चाळतो. मी डबा खाताना मोबाईलवर या मंडळींची कुळकथा वाचली. त्यांच्या पहिल्या तबकडीत १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. हे गाणं तर दोन मिनिटं बारा सेकंदांचं. भाईंदरला गाडी सुटल्यावर लावलं, तर मीरा रोड यायच्या आत सहज संपावं. अख्ख्या तबकडीचा खर्च सुमारे ६,४०० डॉलर. मी लगेच भागाकार केला. गाण्यामागे ४५७ डॉलर. गाणं मुख्यतः लिहिलं टॉमीनं. हा गृहस्थ खरं तर त्यांची व्यवस्था पाहणारा. मनासारखा ड्रमवाला मिळेना, म्हणून कधी न वाजवलेल्या ड्रमवर स्वतःच बसला. स्कॉटलंडच्या 'बे सिटी रोलर्स'च्या एका गाण्यात सगळ्यांनी मिळून द्यायची आरोळी होती. तशी आपल्याकडेही हवी, म्हणून यानं सुरुवातीलाच चार शब्दांची आरोळी घातली. तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. ती आरोळी मात्र पुढे अमेरिकेतल्या खेळाच्या मैदानांवर हजारो माणसं देऊ लागली. देणारे चौघेही आज नाहीत. शेवटचा टॉमी २०१४ साली गेला.

आता आमची लोकल. तिच्यात भजनी मंडळ आहे. एका कोपऱ्यात बुवा, भोवती टाळ, एकाच्या मांडीवर ढोलकी आणि उरलेल्यांसाठी डब्याचा पत्रा. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून ओठ हलवतो आहे. त्याच आठवड्यात टाळ वाजवणाऱ्या एकाची बदली झाली आणि बुवांनी ती जोडी माझ्यापुढे धरली.

"साहेब, धरा."

"बुवा, मला गाता येत नाही."

"गायला कोण सांगतंय? मी म्हणतो, तुम्ही मागनं म्हणायचं. मागनं म्हणणाऱ्याचा सूर चुकत नाही. चुकला तर पंधराजणांत वाटून जातो."

तोटा भागीदारांत वाटून टाकायची युक्ती मी बी.कॉम.ला शिकलो होतो. ती गळ्यालाही लागू पडते हे मला दहिसर ते बोरिवली या प्रवासात कळलं. बोरिवलीला चढणाऱ्यांनी धक्के दिले, पण आवाज बंद झाला नाही. माझाच होता तो!

उतरताना मी बुवांना मुलाच्या गाण्याबद्दल सांगितलं. ए हा षड्ज धरला, तर डी मध्यम आणि ई पंचम, एवढं मी वाचून ठेवलं होतं. बुवा हसले. "सा, मध्यम आणि पंचम? मग राहिलं काय? तंबोरा तरी आणखी कशावर लावतात?"

मी दिवसभर काउंटरवर बसून विचार करत होतो. आमचा धंदाही तीनच सुरांचा. जमा, नावे, शिल्लक. तेवढ्यावर बँका चालतात, नि बुडतातही. मग तीन सुरांवर गाणं का चालू नये? ते तीन ठेवलेत कशासाठी, तर चौथीत गप्प केलेल्या माणसालाही आत शिरता यावं म्हणून.

संध्याकाळी कपाटावरून गिटार मीच काढली. धूळ पुसली.

"वाजव."

"कशाला? तीनच तर कॉर्ड्स."

"मला शिकव मग."

त्यानं माझ्या हातात गिटार दिली. तो जॉनी रामोन तारांवर हात फक्त वरून खाली मारायचा, तसाच मारायचा म्हणे, आणि न थांबता. अर्ध्या मिनिटात माझं मनगट बोलू लागलं. शंभराची गड्डी मोजणंही लांबून सोपंच दिसतं. गिऱ्हाईकं रांगेतून तेच तर म्हणत असतात! मुलाच्या मनगटाला रोज रात्री आयोडेक्सचा वास का येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी मुकाट्यानं गिटार परत केली.

"तू वाजव. मी ती सुरुवातीची आरोळी देतो. मागनं."

त्यानं सुरुवात केली. मी दिली आरोळी. दुसऱ्यांदा दिली. तो एकदम थांबला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसतं..."

माझे ओठ आपोआप मिटले.

"...आणखी मोठ्यानं म्हणा ना!"

शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. किती, ते मोजायचं त्या दिवशी आमच्याकडून राहूनच गेलं.