मायनं बघितलेली मुंबई

माय नऊ वेळा मुंबईला गेली, पण मुंबई तिनं बघितली नव्हती. सहा डिसेंबरला जायचं, तासन्‌तास रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, शिवाजी पार्कात भाकर सोडायची अन् रातच्या गाडीनं परत लातूर.

मी एमआयडीसीत डाळमिलवर आहे. सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, "मुंबई पाहायला? तुमची तर दरसाल फुकटातच होते की." मी बोललो नाही. मजुरीतून दोन तिकिटं काढली अन् फेब्रुवारीत मायला घेऊन निघालो.

सकाळी सीएसएमटीला उतरलो. तिथून पायीच गेटवेला. लोक फोटो काढत होते.

"हे कुणाचं रं?"

सांगितलं, पंचम जॉर्ज राजा १९११ साली इथं उतरला, त्याची आठवण. बांधून उघडलं १९२४ साली.

"मंजी राजा आल्ता तवा हे नव्हतंच? मंग राजा गेल्यावर कुणासाठी बांधलं?"

मला उत्तर आलं नाही. पण १९२४ डोक्यात ठोके देत राहिला. त्याच साली जुलैत बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू केलं. एका वर्षात मुंबईत दोन दारं उघडली. फोटो एकाचाच छापतात.

मग लोकलनं परळ. बी.आय.टी. चाळ. परदेशातल्या पदव्या घेतलेला माणूस इथं कामगारांच्या शेजारी वीसेक वर्षं राहिला. मायनं जिन्याच्या कठड्यावर हात फिरवला. "एवढ्याशात इतकं वाचलं व्हय?"

आता खरं काम. १९७२ च्या दुष्काळात माझा आजा, मायचा बाप, गाव सोडून इथं आला. गिरणीत बदली कामगार, रिंग खात्यात. त्याच्या आधीच्या पिढ्यांना साचेखात्यात घेतच नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, अन् आमच्या थुंकीचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढं केला. पुढं १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. आजा वर्षभर थांबला अन् रिकाम्या हातानं गावी आला. माय तवा सात वर्षांची.

गिरणीच्या जागी काचेची इमारत. जुनी चिमणी तेवढी उभी. फाटकावर वॉचमननं हटकलं, "काय काम आहे?"

माय म्हणली, "काम न्हाई बाबा. काम माझ्या बापानं केलं. म्या नुसतं बघाया आले."

पोरगा गप्प झाला. कुणाचा तरी नातू तोही असंल. माय चिमणीकडं बघत राहिली. रडली नाही. पदर सावरून म्हणली, "चल."

संध्याकाळी चैत्यभूमी. रांग नव्हती. माय पहिल्यांदाच तिथं निवांत बसली. मग समुद्राकडं बघून म्हणली, "नऊ वेळा आले, पर माणसांच्या गर्दीत हे पाणी दिसलंच न्हाई."

दोस्तांनो, सहा डिसेंबरला आपण जातोच, जाणारच. पण एक दिवस वेगळा काढा. घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन परळ-लालबाग हिंडा. कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात होतं, विचारा अन् वहीत लिहा. चिमणी बोलत नाही. म्हातारी माणसं अजून बोलतात.

परत आल्यावर मुकादमापुढं दोन्ही तिकिटं ठेवली. त्यानं बघितली अन् पोती मोजायला लागला. तिकिटं मी वहीत चिकटवलीत. पहिल्या पानावर आजाचं नाव आहे, त्याखाली त्याचं खातं.