वैशाखातली खुडूक

कोंबडीने अंडी घालणे थांबवून अंड्यांवर, आणि अंडी उचलून नेली असतील तर नुसत्या रिकाम्या पाटीतसुद्धा, दिवसरात्र बसून राहणे म्हणजे खुडूक होणे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून शरीराला संदेश देणारे द्रव्य, वाढल्याने ही अवस्था येते, आणि उष्ण हवेत ती अधिक वेळा येते. देशी कोंबडी बारा-पंधरा अंड्यांची पाळी पुरी करून खुडूक होते तेव्हा नारायणगाव-मंचरच्या सपाटीवर पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, आणि तिला बसवावे की उठवावे या प्रश्नाचे उत्तर घरोघर कोंबडीकडे पाहून दिले जाते. खरा गुंता मात्र अंड्यांत आहे.

अंडे उबण्यास २१ दिवस आणि सुमारे ३७.५ अंश सेल्सिअसची ऊब लागते, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट अशी की, कोंबडी बसण्याची वाट न पाहताही फलित अंड्यातला गर्भ जागा होऊ लागतो. भोवतालची हवा २७ अंशांच्या वर राहिली की त्याची वाढ सुरू होते, पण ती तडीस नेण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही, आणि अर्धवट जागा झालेला हा जीव काही दिवसांत मरतो. पहिले अंडे आणि बारावे अंडे यांत दोन आठवड्यांचे अंतर असते. पौषात हे अंतर निरुपद्रवी असते, वैशाखात ते घातक ठरते. बसवल्यापासून सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले, तर जिवंत गर्भ लाल शिरांच्या जाळ्यासारखा दिसतो. मेलेल्या गर्भाच्या जागी शिरा आकसून रक्ताचे एक बारीक, रेखीव कडे तेवढे उरलेले असते. उन्हाळ्यातल्या पाटीत अशी कडी दिसली की दोष कोंबडीवर येतो: ती वरचेवर उठली, तिची माया पातळ झाली. वास्तविक कडे कोंबडी उठल्यानेही पडते, अंडे हादरल्यानेही पडते आणि ती बसण्याआधीच्या उकाड्यानेही पडते, आणि एकट्या कड्यावरून यांतले कारण कोणते ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षे अंडी तपासणाऱ्यालाही ही अडचण सुटत नाही, आणि ती सुटत नाही म्हणूनच त्याला पुन्हापुन्हा बॅटरी हाती घ्यावीशी वाटते.

घरे बदलल्याने उकाड्याचा हा धोका वाढला आहे. कुडाच्या सारवलेल्या भिंती आणि कौलांचे छप्पर असताना उतरंडीमागचा अंधारा कोपरा दुपारीही थंड राहत असे. त्या जागी पत्रा किंवा स्लॅब आल्यावर तोच कोपरा संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो. अंडी बाजरीच्या डब्यात पुरून ठेवण्याची रीत अजून पाळली जाते, पण पत्र्याखालचे धान्यही दिवसभर ऊब धरून ठेवते. घमेल्यात ओली वाळू पसरून तिच्यावर गोणपाट घालावे आणि अंडी निमुळते टोक खाली करून त्यावर ठेवावीत, हा उपाय त्यापेक्षा चांगला; त्यातही आठवड्यापेक्षा जुनी अंडी उन्हाळ्यात बसवू नयेत, ती खाऊन टाकावीत.

बसलेल्या कोंबडीची अवस्था भर दुपारी पाहण्यासारखी असते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून, गळ्याची कातडी भराभर थरथरवत ती उष्णता बाहेर टाकते, पंख अंगापासून सोडवते आणि पोट अंड्यांवरून किंचित उचलून धरते. अशा वेळी तिच्याखाली हात घालून अंडी गरम की गार हे ठरवणे कठीण जाते, कारण खुरप्याने घट्टे पडलेल्या, वय झालेल्या तळव्याला तो फरक कळेनासा होतो. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे कारागीर अंडे बंद पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. त्या भट्ट्यांचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ सालच्या ग्रंथात केले. पापणीची कातडी कामाने जाड होत नाही, म्हणून हात थकल्यावरही ही परीक्षा हाताशी राहते.

उठवायचेच ठरले, तर तिच्या पोटाची ऊब मोडावी लागते. पाण्यात बुचकळल्याने ती घटकाभर थंड होते आणि ओल्या अंगाने पुन्हा जागेवर येते. नाकपुडीत पीस खुपसण्याचा प्रकार तर निव्वळ छळ आहे आणि तो बंद व्हावा. विरळ विणीचे डालगे सावलीत आढ्याला टांगून त्यात तिला तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवले की खालून वारा खेळतो, पोट निवते आणि खुडूक मोडते.

खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणांहून सुधारित जातींची पिल्ले गावोगाव पोचली आणि अंडी वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि वनराजासारख्या जाती सहसा खुडूक होत नाहीत, कारण जास्त अंड्यांसाठी निवड करताना बसण्याची ओढ मागे पडते, आणि अशा जातीचे कोंबडे देशी कळपात मोकळे सोडले की पुढच्या तलंगांतही, म्हणजे अंड्यावर न आलेल्या माद्यांतही, ती ओढ क्षीण होते. शेजारणीकडून खुडूक उसनी आणण्याची चाल ज्या वस्त्यांत मोडली, तिथे पिल्लांसाठी दर खेपेला मोटारसायकलवरच्या विक्रेत्याची वाट पाहावी लागते. ही हानी अंड्यांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

या कामातला अभिमान मात्र मोजण्यातच असतो. जितकी अंडी बसवली तितकी पिल्ले निघाली, असे चारचौघांत सांगता यावे यासाठी उन्हाळ्यातही पाटी भरली जाते, एरवी नऊ पुरली असती तिथे चौदा घातली जातात, आणि पंखांच्या कडेला उरलेली अंडी उन्हाने कोरडी पडतात. प्रस्तुत लेखक या अभिमानातून मुक्त नाही. कोंबडी चोच उघडून धापा टाकत असतानाही त्याचे लक्ष आधी अंड्यांच्या संख्येकडे जाते.

वैशाखात उशिरा निघालेली पिल्ले जेमतेम पिसे फुटण्याच्या वयात पावसात सापडतात आणि ओल्या जमिनीवर त्यांना रक्ती हगवण लागते, म्हणून सपाटीवर अक्षय्य तृतीयेनंतर कोंबडी बसवू नये, हे मत इथे ठामपणे मांडावेसे वाटते. त्यातूनही बसवायचीच झाली, तर निदान अंडी तरी थंड भागातली असावीत. आहुपे-तळेघरच्या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यालगत, रात्री थंड असतात आणि तिथली ताजी अंडी कड्याविना निघण्याची शक्यता अधिक असते. ती एसटीने घोडेगावला उतरेपर्यंत बरीच हादरलेली असतात, तेव्हा टोक खाली करून एक रात्र ओल्या वाळूवर स्थिर ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर खुडूक कोंबडीखाली सरकवावीत, नऊच.