हा दगड कोणाचा?

नदी म्हटले की आपल्याला आधी घाट आठवतो. मी तर वाईचा. कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून पाढे पाठ केलेला. पायऱ्या नाहीत, देऊळ नाही, धुणे आपटणाऱ्या बायका नाहीत, अशा पाण्याला नदी म्हणावे हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हते. मग इंद्रावती भेटली.

ते १९८१ साल. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायला अजून एक वर्ष होते. भामरागड चंद्रपुरातच मोडे. इंद्रावतीवर भोपालपट्टणमजवळ मोठे धरण बांधावे असा विचार चालला होता. पाणी कुठवर चढेल त्याची रेघ आखीत फिरणाऱ्या एका तुकडीत मी नवा नवा लागलो होतो. खांद्यावर तिपाई, हातात वही आणि डोक्यात सरकारी नोकरीचा तोरा!

इंद्रावती उगम पावते ओडिशात, कालाहंडीच्या डोंगरांत. बस्तरचे पठार ओलांडताना चित्रकोटला ती सुमारे ९५ फुटांवरून खाली उडी घेते. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी तिला येऊन मिळतात. मग एका काठावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या काठावर आजचे छत्तीसगड ठेवून ती सिरोंचा तालुक्यात सोमनूरपाशी गोदावरीच्या स्वाधीन होते. सारी वाट सुमारे ५३५ किलोमीटरांची. हे सगळे मी नकाशावर पाहिले होते. पण एका अखंड खोडातून कोरलेल्या डोंग्यात बसून पहाटेच्या धुक्यात तिच्यावरून गेलो तेव्हा नकाशा गुंडाळून ठेवला. खडकावर मगर उन्हाची वाट पाहत पडलेली. पाणमांजरांची टोळी बुडी मारून जाई आणि भलत्याच ठिकाणी डोकी वर काढी. उंच झाडांतून पहाडी मैनेची शीळ येई. एकदा ओल्या वाळूत खुरांचे मोठाले ठसे दिसले. डोंगेवाल्याने वल्हे थांबवले आणि तो हळूच म्हणाला, "रानम्हैस." मध्य भारतात रानम्हशींचे जे थोडे कळप आज उरले आहेत, त्यांतले काही हिच्याच काठच्या रानांत आहेत.

मला या साऱ्याचे कौतुक वाटे. पण ते पाहुण्याचे कौतुक. संध्याकाळी तंबूत बसून मी तेवढ्याच आनंदाने पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीचे आकडे मांडीत असे.

एके दिवशी एका माडिया गावाच्या वर, मोहाच्या झाडांपाशी, आम्ही खुणेचा दगड पुरला आणि त्याला चुना फासला. गावातला एक म्हातारा दुरून ते पाहत उभा होता. तो जवळ आला, दगडाभोवती फिरला आणि काहीतरी बोलला. आमच्याबरोबरच्या कोतवालाने ते मराठीत सांगितले, "दादा विचारतात, हा दगड कोणाचा? कोण वारले?"

मी हसलो. माडिया लोक आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी समजावून सांगितले, की बाबा, कोणी मेले नाही, पाणी इथपर्यंत येणार आहे. तो म्हणाला, "पाणी दरवर्षी येते. परत जाते." मी म्हटले, "हे परत जाणार नाही." म्हाताऱ्याने खाली गावाकडे पाहिले, नदीकडे पाहिले, पुन्हा दगडाकडे पाहिले. मग तो काही न बोलता निघून गेला. त्याला त्याचे उत्तर मिळाले होते.

पुढे या धरणाला मोठा विरोध झाला. हेमलकशाला १९७३ पासून काम उभे करणारे बाबा आमटे त्यात पुढे होते. धरण झाले नाही. मी दुसरीकडे बदलून गेलो, संसाराला लागलो. पण एखाद्या रात्री झोपेत तो प्रश्न ऐकू येई आणि जाग येई.

निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो. गाव जागच्या जागी होते. कोंबड्या होत्या, डुकरे होती, मोहाखाली झाडून स्वच्छ केलेली जमीन होती. मला फार हलके वाटले. माझा दगड मात्र काही केल्या सापडेना. बरोबर आलेल्या तरुण पोराला मी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो नुसता हसला आणि मला नदीवर घेऊन गेला. पात्रात खडकच खडक उघडे पडले होते. "आजा सांगे, या दिवसांत इथे डोंग्याशिवाय चालत नसे," तो म्हणाला. आम्ही दोघे निम्मे पात्र चालत गेलो.

वर ओडिशात इंद्रावतीवर मोठे धरण आहे आणि तिचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवलेले आहे. त्याच्या खाली जोरा नाल्याच्या वाटेने तिचे बरेचसे पाणी शबरीकडे जाते. उन्हाळ्यात चित्रकोटचा धबधबा बारीक धारांवर येतो. २०१९ साली बस्तरचे लोक या नदीसाठी पायी चालले होते. बुडवणारे पाणी दिसते, म्हणून माणसे त्याला आडवी येतात. कमी होणारे पाणी कोणाला दिसावे? त्याच्यासाठी कोणी चुन्याची रेघ आखीत नाही.

परतताना मी एका उघड्या खडकावर टेकलो. चाळीस वर्षांपूर्वी इथेच कुठे तरी माझा डोंगा तरंगत गेला असेल. हा दगड कोणाचा, असे त्या म्हाताऱ्याने आज मला विचारले असते, तर मी हसलो नसतो.