कोयीचे झाड

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने शाळेच्या इतिहासावर लिहावे, असे सुचविले होते. इतिहास हा आमचा विषय, एम.ए. त्यातच केले आणि उमेदीची सारी वर्षे तोच शिकविण्यात गेली. तरीही आज आम्ही लिहीत आहोत ते भोजनगृहामागच्या एका आंब्याच्या झाडाविषयी. हे झाड ठेवावे की काढावे, हा प्रश्न बरीच वर्षे आमच्यापुढे होता.

२०१३ च्या बुद्धपौर्णिमेला एका पालकांनी शिबिरातील मुलांसाठी केशर आंब्याच्या चार पेट्या आणल्या. आंबे खाऊन झाल्यावर मुलांनी कोयी धुतल्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून लावल्या. कोय वाळली की उगवत नाही. मुलांनी उशीर केला नाही, म्हणून चाळीसपैकी तेवीस उगवल्या. दोन उन्हाळे निभावून त्यांतली नऊ रोपे जगली. २०१५ च्या पावसाळ्यात ती भोजनगृहामागे, हात धुण्याचे पाणी वाहून जाते त्या वाटेवर लावली.

केशरच्या कोयीतून केशरच येणार, अशी मुलांची समजूत होती. तसे होत नाही. मोहोरावर माश्या बसतात आणि कुठल्या झाडाचा पराग कुठे नेतात, याचा हिशेब कुणी ठेवीत नाही. कोयीची आई ठाऊक असते, बाप ठाऊक नसतो. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांची प्रत्येक कोय हे एक नवेच झाड असते. वाण जसाच्या तसा हवा असेल तर कलम करावे लागते. पण प्रत्येक नामांकित वाणाच्या मुळाशी कधी तरी एक कोयीचे झाड होतेच. दशहरीचे मूळ झाड लखनौजवळच्या दशहरी गावी आजही दाखवितात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा वाण १९८१ मध्ये दिला आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ दिला. तिथेही रोपे वाढवून, फळ येईपर्यंत थांबून, मगच काय ठेवायचे ते ठरवावे लागले.

येथे एक शब्द खटकतो. आंब्याच्या वाणाला लोक सर्रास ‘जात’ म्हणतात. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातिसंस्थेचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे दाखविले. दार बंद केल्याने जात टिकते. कलमाचेही तंत्र तेच आहे. फरक इतकाच की कलमाने फळाची चव टिकते, त्याने कुणाची पायरी ठरत नाही. माणसाच्या माथी मारलेला शब्द झाडालाही लावू नये, म्हणून आम्ही वर्गात आंब्यासाठी ‘वाण’ हाच शब्द वापरतो.

पण शब्द बदलला म्हणून नजर बदलतेच असे नाही. २०१६ च्या पावसाळ्यात आमचे माळीमामा म्हणाले, “सर, कोयीची झाडं हायती. सात-आठ वर्षं पोसायची अन् मंग आंबट निघायची. शेंडे मारून केशर बांधू.” आम्ही होकार दिला. आठ रोपांचे शेंडे छाटून त्यांवर केशर बांधले. नवव्यापाशी सातवीतील एक मुलगी उभी राहिली. ती कोय तिने लावली होती. “सर, त्याला एकदा तरी फळ येऊ द्या ना,” ती म्हणाली. आम्ही तिच्या शब्दाखातर ते एक सोडले. त्यात दूरदृष्टी काही नव्हती.

केशरची कलमे २०१९ पासून फळे देऊ लागली. कोयीच्या झाडाला पहिली फळे लागली ती २०२० साली. टाळेबंदीमुळे वसतिगृह रिकामे होते. मोजून अकरा फळे. माळीमामांनी आणि आम्ही एकेक कापून पाहिले. आंबट, धाग्यांचे आणि बाठा मोठा. मामांनी काही न बोलता आमच्याकडे पाहिले. पुढच्या पावसाळ्यात याचाही शेंडा मारायचा, असे ठरले. पण २०२१ चा पावसाळा महामारीच्या धास्तीत निघून गेला आणि झाड राहिले. त्या वर्षी त्याला मोहोरच आला नव्हता.

२०२२ मध्ये त्याने दीडशेच्या आसपास फळे धरली. या वेळी आम्ही एक वही केली. फळ कधी उतरविले, वजन किती, बाठ्याचे वजन किती, धागा किती, अढीत किती दिवस टिकले, आतून नासले का, अशा नोंदी केल्या. केशर आणि हे फळ एकाच वेळी पिकत नाही, म्हणून बाजारातून उशिरा आलेले आंबे आणून त्यांच्या फोडींशेजारी याच्या फोडी ठेवल्या आणि कोणती कशाची हे न सांगता मुलांना चाखायला दिल्या. २०२३ ला फळ बेताचेच लागले. २०२४ मध्ये पुन्हा भरपूर लागले.

वहीचे उत्तर असे : चव केशरएवढी नाही. बाठ्याजवळ धागा आहे. फळ दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. एक वर्षाआड जास्त येते. पहिल्या फळांचा आंबटपणा मात्र पुढे बराच कमी झाला. अढीतून काढल्यावर फळ आठ-नऊ दिवस टिकते.

एवढ्यावर झाड ठेवावे, असे कुणी म्हणणार नाही. पण वहीच्या पहिल्याच रकान्यात एक गोष्ट होती, ती आमच्या उशिरा ध्यानात आली. केशर मे महिन्यात पिकतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते. आठ कलमांची फळे आजवर आम्ही, माळीमामा आणि येणारे-जाणारे पाहुणे यांनीच खाल्ली. मुलांनी राखलेल्या झाडांचे फळ मुलांना मिळत नव्हते. कोयीचे झाड महिनाभर मागे आहे. त्याची फळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा भरल्यावर पिकतात. पाऊस सुरू झाल्यावर फळमाशीचा त्रास होतो; सापळे लावावे लागतात आणि फळ पाडाला येताच उतरवून अढीत घालावे लागते. ते आम्ही शिकलो. ट्रंका घेऊन परतलेल्या, घरच्या आठवणीने पहिल्या रात्री न जेवणाऱ्या पाचवीच्या मुलांना दुसऱ्या दिवशी ताटात शाळेचा आंबा मिळतो.

फळ चांगले की वाईट, असा प्रश्न आम्ही विचारीत होतो. ते कुणासाठी हवे, हे विचारले नव्हते.

उरलेल्या आठ कोयींची फळे कशी निघाली असती, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. त्यांची नोंद होण्याआधीच आम्ही शेंडे मारले होते. हे लिहिताना आम्हाला एक मुलगा आठवतो. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत आठवीतल्या त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात आम्ही ‘अभ्यासात गती नाही’ असा शेरा लिहिला. दिवाळीनंतर वडिलांनी त्याला ऊसतोडीला सोबत नेले, तो परत आला नाही. शेऱ्यामुळेच नेले असेल असे नाही. घरची ओढाताण होतीच. पण न जाण्यासाठी जे एक कारण लागले असते, ते आम्ही पुसून टाकले. एकाच सहामाहीच्या गुणांवर आम्ही निकाल दिला होता. त्याच्याशेजारी उभे राहून “सर, थांबा” असे म्हणणारे कुणी नव्हते. तेव्हापासून आम्ही तसा शेरा लिहिलेला नाही.

झाडापुढे आता दुसरे संकट आहे. भोजनगृह वाढवायचे आहे आणि आखणीत ते झाड येते. जागा मुलांना हवीच आहे, याविषयी आमचे दुमत नाही. म्हणून २०२४ च्या पावसाळ्यात त्याच्या काड्या घेऊन आम्ही सहा रोपांवर बांधल्या, चार जगल्या. त्या मुलींच्या वसतिगृहामागे लावल्या आहेत. मूळ झाड वाचवायचे की भिंत थोडी सरकवायची, हे संस्थेच्या बैठकीत ठरेल. झाड गेले तरी वाण राहील.

ज्या मुलीने ते वाचविले, ती आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये ती शाळेत आली, तेव्हा आम्ही तिच्यापुढे फोडी ठेवल्या. तिने सावकाश खाल्ल्या आणि म्हणाली, “सर, थोडा आंबटच आहे.” मग बाठाही चोखून खाल्ला.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आंबे खायला यायचे असेल तर मे महिन्यात येऊ नका. जूनमध्ये, मुले आल्यावर या.