दोर कोणाच्या हातीं?

परदेशीं जाऊन आयुष्य सेवेंत घालवावें, असें एखाद्या तरुण मनानें ठरविलें म्हणजे आपण त्या निश्चयाचें कौतुक करतों आणि तेथेंच थांबतों. निश्चय हा काव्याचा विषय आहे. त्याच्या मागून येणारा प्रश्न मात्र निव्वळ गद्य आहे. जावयाचें तें कोणाच्या वतीनें? आज्ञा कोणाची, पैसा कोणाचा आणि आजारपणीं परत आणणार कोण?

माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्यांची मुलगी परिचारिका आहे. वडील वारलेले, घरीं आई एकटी. आफ्रिकेंतील एखाद्या मिशनच्या रुग्णालयांत काम करावें अशी तिची फार दिवसांची इच्छा. गेल्या वर्षीं दोन संस्थांचीं माहितीपत्रकें तिनें माझ्यापुढें ठेवलीं. "काका, तुम्ही आमच्या धर्माचे नाहीं आणि या संस्थांचेहि नाहीं, म्हणूनच तुम्हांला विचारतें," असें ती म्हणाली. मिशनऱ्यांचीं चरित्रें वाचण्याचा मला जुना नाद आहे. तेव्हां पत्रकांवर मत देण्याऐवजीं मीं तिला तीन माणसांची हकीकत सांगितली.

पहिला विल्यम कॅरी. मराठी वाचकाला तो परका नाहीं. १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी कोश छापणारा तो हाच. त्याला हिंदुस्थानांत पाठविणारी बॅप्टिस्ट संस्था २ ऑक्टोबर १७९२ रोजीं इंग्लंडांतील केटरिंग गांवीं एका विधवेच्या घरांत स्थापन झाली. त्या दिवशीं वर्गणीचे आंकडे पडले ते अवघे १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स! संस्थेचा चिटणीस अँड्र्यू फुलर पुढें सांगे, कीं कॅरी जणूं खोल खाणींत उतरावयास निघाला होता आणि वर राहणाऱ्यांनीं दोर धरून ठेवावयाचा होता. फुलरनें तो दोर १८१५ सालीं मरेपर्यंत सोडला नाहीं. परंतु त्याच्या मागून आलेल्या मंडळींना कॅरी केवळ पत्रांतूनच ठाऊक. श्रीरामपूरची मालमत्ता कोणाची आणि अधिकार कोणाचा, यावरून वाद माजला व १८२७ सालीं श्रीरामपूरकर मूळ संस्थेपासून वेगळे झाले. स्नेहावर चाललेला व्यवहार स्नेही गेल्यावर कशावर चालणार, हें आधींच लिहून ठेवलेलें बरें.

दुसरा अमेरिकन अडोनायरम जडसन. १८१० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाच्या वतीनें तो १८१२ च्या फेब्रुवारींत पत्नीसह जहाजांत बसला. प्रवासांत त्यानें बाप्तिस्म्याच्या विषयाचा नव्यानें अभ्यास केला, आणि त्याचें मत पालटलें! बालकांना नव्हे, तर जाणत्या श्रद्धावंतांनाच, तोहि पूर्ण बुडवून, बाप्तिस्मा द्यावा असें त्याला पटलें. कलकत्त्यास त्यानें तसा बाप्तिस्मा घेतला आणि ज्या बोर्डाच्या पैशानें तो आला होता त्याचा राजीनामा दिला. परक्या देशांत नवराबायको निराधार झालीं. त्यांना आधार देणारी अमेरिकन बॅप्टिस्टांची संस्था १८१४ सालीं उभी राहिली, तोंवर तीं रंगूनला पोंचलींहि होतीं. त्याच तुकडीपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे बोर्डाशीं राहिले आणि १८१३ सालीं मुंबईस उतरले. आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशनचा तो आरंभ. एकाच संस्थेचीं माणसें आणि वाटा दोन! म्हणून संस्थेचें श्रद्धापत्रक बंदर सोडण्यापूर्वींच ओळीनें वाचावें, आणि जें पटत नाहीं तें पटतें असें म्हणूं नये.

तिसरा हडसन टेलर. १८५४ सालीं तो शांघायला पोंचला. ज्या संस्थेनें त्याला धाडलें तिच्याकडून पैसे वेळेवर येत ना, आणि ती स्वतः कर्ज काढून कारभार चालवी. कर्जाच्या पैशावर धर्मकार्य करणें त्याला रुचेना. १८५७ सालीं त्यानें संबंध सोडला. १८६५ सालीं त्यानें 'चायना इनलँड मिशन' काढलें, त्याचे नियम या अनुभवांतूनच घडले: कर्ज काढावयाचें नाहीं, लोकांपुढें हात पसरावयाचा नाहीं, ठराविक पगाराची हमी नाहीं, पोशाख चिनी, आणि कामाचीं सूत्रें लंडनमध्यें नसून चीनमध्यें. नियम कडक खरे; पण ते आधीं सांगितलेले असत. पगाराची हमी नाहीं हें जाणून निघणारा आणि पगार येईल म्हणून वाट पाहत बसणारा, यांच्या उपाशी राहण्यांतहि फरक आहे.

हें ऐकून तिनें एक पत्रक पुन्हां उघडलें. त्या संस्थेंत ज्यानें त्यानें आपला खर्च मित्रांकडून व मंडळ्यांकडून गोळा करावयाचा असतो. आज पुष्कळ संस्थांची हीच रीत आहे. "वर्गणी आटली तर?" तिनें विचारलें. मीं म्हटलें, "हें त्यांनाच लिही. आई आजारी पडली तर रजा मिळते का, भाषा शिकण्यास किती महिने देतात, दंगल उसळली तर बाहेर कोण काढतें, आणि मध्येंच सोडावेंसें वाटलें तर काय, हेंहि विचार. शिवाय जे परत आले आहेत त्यांना भेट. पत्रकांत न छापलेलें तेच सांगतील." या प्रश्नांनीं श्रद्धेला उणेपणा येतो असें मला वाटत नाहीं. प्रश्नांना रागावणारी संस्था मात्र संकटांत काय करील, याची चुणूक तेथेंच मिळते.

खाणीच्या उपमेंत एक गोष्ट राहून गेली आहे. खाणीच्या तळाशीं माणसें राहतात! १९१० सालीं एडिंबरो येथें मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली, तेव्हां पुढें बिशप झालेले आपले व्ही. एस. अझरिया यांनीं पाश्चात्त्यांना स्पष्ट सुनावलें, कीं तुमचा त्याग आम्ही जाणतों, पण आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. त्याआधीं १९०५ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं श्रीरामपुरासच हिंदी माणसें, हिंदी पैसा व हिंदी व्यवस्था या तत्त्वावर 'नॅशनल मिशनरी सोसायटी' स्थापन केली होती. आज हिंदी मनुष्य परदेशीं जातो तेव्हां पाश्चात्त्यांना विचारलेला प्रश्न त्यानें स्वतःलाहि विचारला पाहिजे. तेथील मंडळीनें बोलावलें आहे काय? रुग्णालयांत तेथील डॉक्टर वरच्या जागेवर असेल, तर त्याच्या हाताखालीं आनंदानें काम करण्याची तयारी आहे काय?

सूर्याजीनें गडाचे दोर कापले ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत, आणि दोर कापणें म्हणजेच शौर्य असें आपल्या मनांत बसलें आहे. एका रात्रीच्या लढाईला तें शोभतें. ज्याला तीस वर्षें परक्यांच्या दुखण्यांत राहावयाचें आहे, त्यानें दोर कोणत्या हातांत आहे हें उतरण्यापूर्वीं पाहून घ्यावें. आणि तळाशीं उभ्या असलेल्या माणसांनाहि आपला हात हवा आहे काय, हें विचारावें.